चार स्क्रीनचे पैसे घेतलेत ना, मग घर कशाला मोजता?

आई कराडला राहते, मी पुण्यात वाकडला, बहीण लग्न होऊन नाशिकला. एका ओटीटीचा सगळ्यात महागडा प्लॅन माझ्या नावावर आहे. एका वेळी चार स्क्रीनवर चालेल असं घेताना लिहिलेलं होतं आणि तेवढ्यासाठीच मी तो घेतला, नाहीतर मी आणि बायको रात्री जेवताना पाऊण तास काय ते बघतो, आमच्या दोघांना सगळ्यात स्वस्त प्लॅनसुद्धा पुरला असता. एक स्क्रीन आमची, एक आईची, एक बहिणीकडे, चौथी कुणी पाहुणे आले तर, असा साधा हिशोब होता. दोन वर्षं चाललं. मग एका दुपारी आईचा फोन, अरे टीव्हीवर काहीतरी पाटी आलीय आणि ती जातच नाहीये. म्हटलं वाचून दाखव. आईचं इंग्रजी जेमतेम, तिने एकेक अक्षर जुळवत वाचलं आणि मला कळलं की कंपनी सांगतेय, हा टीव्ही तुमच्या घरातला नाही.

मग ते कोडचं सुरू झालं. टीव्हीवर बटण दाबलं की माझ्या मोबाईलवर कोड येणार, तो मी आईला फोनवर सांगायचा, तिने रिमोटने एकेक आकडा शोधून टाकायचा, आणि हे सगळं कोडची मुदत संपायच्या आत. आईच्या हाताला गेल्या वर्षापासून थोडा कंप आहे, बटण एकदा दाबायला जावं तर दोनदा दाबलं जातं. तीनदा केलं, तीनदा मुदत गेली, चौथ्या वेळी मी मीटिंगमध्ये होतो, फोन उचलता आला नाही. संध्याकाळी केला तर म्हणाली, राहू दे रे, मी आपलं सह्याद्री लावलं. गौरी-गणपतीला मी सहा दिवस कराडला होतो, माझा मोबाईल घरच्या वायफायवर होता, तेव्हा त्याच टीव्हीवर सगळं व्यवस्थित चाललं. मी पुण्याला परत आलो आणि थोड्या दिवसांनी पाटी पुन्हा हजर. टीव्ही तोच, आई तीच, पैसे भरणारा मीच.

कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण प्रश्न एका कंपनीचा राहिलेला नाही, हळूहळू सगळ्याच त्या वाटेला लागल्यात. आणि मला असंही म्हणायचं नाहीये की कंपन्यांनी काहीच अडवू नये, ज्याला हवं त्याने हवं त्याला पासवर्ड वाटत सुटावं. माझं म्हणणं एवढंच आहे की कंपनीने जे मोजून विकलंय तेवढंच तिने मोजावं. स्क्रीन विकल्यात ना, मग स्क्रीन मोजा, पाचवी स्क्रीन लागली तर खुशाल बंद करा, माझी एका शब्दाने तक्रार नाही. पण त्या चारांपैकी एक स्क्रीन कुठल्या गावात, कुठल्या छपराखाली आहे आणि तिच्यासमोर बसलेलं माणूस माझ्या घरातलं आहे की नाही हे ठरवायचा हक्क कंपनीला मी दिलेला नाही आणि देणारही नाही.

हे मी उगाच तत्त्व म्हणून सांगत नाहीये, आपल्याकडे हे असंच चालत आलंय. आमच्या गावच्या वाचनालयात बाबांच्या नावाचं एकच कार्ड होतं. अनामत एकदा भरलेली, वर्गणी दर महिन्याला, आणि नियम काय तर एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. ते एक पुस्तक घरात आलं की बाबा वाचायचे, मग आई, आजीला डोळ्यांनी दिसेना तेव्हा मी तिला दुपारी वाचून दाखवायचो, आणि परत द्यायच्या आदल्या रात्री शेजारच्या काकू एका बैठकीत संपवायच्या. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या गृहस्थांना हे सगळं माहीत होतं, ते तर मला विचारायचे, आजीला आवडलं का रे हे? पण आधीचं पुस्तक जमा केल्याशिवाय दुसरं त्यांनी कधी दिलं नाही, बाबांची कितीही ओळख असली तरी नाही, आणि चार दिवस उशीर झाला की दंडाची पावती फाडायचे. म्हणजे नियम कडकच होता. फक्त तो पुस्तकावर होता, वाचणाऱ्यावर नव्हता. एक पुस्तक आमच्याकडे आहे म्हणजे तेवढा वेळ ते दुसऱ्या कुणाकडे नाही, हा त्यांचा खरा खर्च, आणि तोच ते मोजत होते. घरात कितीजणांनी वाचलं याने वाचनालयाचं काही जात नव्हतं, उलट आजीला वाचून दाखवता दाखवता मला जी सवय लागली त्यामुळे पुढे माझं स्वतःचं कार्ड झालं.

पेपरचंही तेच. एक पेपर घ्यायचा आणि जिन्यातल्या तीन घरांनी वाचायचा हे तर सगळ्या महाराष्ट्राने केलंय, सकाळी एका घरात, दुपारी दुसरीकडे, शब्दकोडं कोणी सोडवायचं यावरून भांडणं, आणि रद्दी ज्याने पैसे भरले त्याची. पेपरवाल्यांनी याला कधी चोरी म्हटलं का? उलट त्यांनी त्याचा हिशोब ठेवला. खपाचा आकडा वेगळा, तो ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स १९४८ पासून तपासत आलंय, आणि वाचकांचा आकडा वेगळा, त्यासाठी इंडियन रीडरशिप सर्व्हे सुरू झाला. एक अंक किती जण वाचतात हे पेपरवाले जाहिरातदारांपुढे अभिमानाने मांडतात, त्याच्यावर जाहिरातीचे दर मागतात. म्हणजे एका प्रतीमागे जितकी जास्त माणसं तितका त्यांचा फायदा. शेअरिंग हा धंद्याचा शत्रू असतोच असं नाही, धंदा कसा मांडलाय त्यावर ते असतं.

आणि ओटीटीवाल्यांनीसुद्धा आधी धंदा तसाच मांडला होता, हे विसरता कामा नये. नेटफ्लिक्सचं उदाहरण घेऊ, कारण त्यांचं सगळं उघड नोंदलेलं आहे. जानेवारी २०१६ मध्ये ते भारतात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज म्हणाले होते की पासवर्ड शेअरिंगबरोबर जगायला शिकावं लागतं, कारण नवरा-बायको, मुलं असं अगदी रास्त शेअरिंगही त्यात भरपूर असतं. मार्च २०१७ मध्ये कंपनीच्या ट्विटर खात्यावर आलं की प्रेम म्हणजे पासवर्ड शेअर करणं. हे कुणा आगाऊ पोराने टाकलेलं मीम नव्हतं, कंपनीच्या अधिकृत खात्यावरचं वाक्य होतं. ग्राहक वाढत होते तोवर हे प्रेम चाललं. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत त्यांचे २ लाख ग्राहक कमी झाले, दहा वर्षांत पहिल्यांदाच, आणि आकडे जाहीर झाल्यावर एका दिवसात शेअर ३५ टक्क्यांच्या आसपास पडला. त्याच वेळी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात कंपनीने सांगितलं की २२ कोटींवर घरं पैसे भरतात आणि आणखी १० कोटींवर घरं दुसऱ्याच्या खात्यावर बघतात. आता ही १० कोटी घरं काही त्या तिमाहीत उगवली नव्हती ना, ती आधीपासून होतीच, ग्राहक वाढत होते तोवर त्यांची अडचण नव्हती आणि शेअर पडल्यावर झाली.

पुढचं सगळ्यांनी बघितलंय. चिली, पेरू, कोस्टा रिकामध्ये आधी चाचणी, मग मे २०२३ मध्ये अमेरिका, तिथे घराबाहेरच्या माणसासाठी महिन्याला ७.९९ डॉलर जादा, आणि २० जुलै २०२३ ला भारत. भारतात तर तो जादा पैसे भरून माणूस जोडायचा पर्यायही दिला नाही, कारण सांगितलं की इथे किमती आधीच उतरवल्यात. उतरवल्या होत्या हे खरं आहे, डिसेंबर २०२१ मध्ये ७९९ चा प्लॅन ६४९ वर आणला होता. पण म्हणजे ६४९ भरणाऱ्या माणसाला चार स्क्रीन मिळाल्या आणि त्या चारही एकाच घरात वापरायच्या. माझ्या वाकडच्या टू बीएचकेमध्ये एकाच वेळी चार ठिकाणी चार वेगळ्या गोष्टी बघणारी माणसं आणायची कुठून? चार स्क्रीनचा प्लॅन ज्या घरांना खरोखर लागतो ती घरं बहुतेक करून माझ्यासारखीच आहेत, तीन गावांत पसरलेली. तीच घरं डोळ्यापुढे ठेवून प्लॅन विकला आणि विकून झाल्यावर त्यांनाच सांगितलं की तुम्ही एक घर नाही.

कुणी म्हणेल की कंपनीला फायदा झाला ना मग? झाला की. २०२२ संपताना २३ कोटींच्या आसपास असलेले ग्राहक २०२४ संपताना ३० कोटींच्या वर गेले, त्यात या सक्तीचा वाटा मोठा आहे हे मीही मान्य करतो. पण एखादी गोष्ट चालली म्हणजे ती रास्त होती असं होत नाही. माणसाला एखाद्या गोष्टीची सवय लागली, आईची संध्याकाळ त्या मालिकेभोवती बसली, आणि मग दार लावून सांगितलं की आता दुसरं तिकीट काढा, तर बरेच जण काढतातच.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. माझ्या एका मित्राचा प्रश्न होता, लोकलचा पास तू बहिणीला देतोस का? नाही देत, आणि देऊही नये. रेल्वेचा पास माणसाच्या नावावर असतो, त्यासाठी ओळखपत्र लागतं, आणि तिकीट दुसऱ्याला देणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. मला ते शंभर टक्के पटतं. कारण पासाचा दर एका माणसावर लावलेला असतो, एक माणूस महिन्यात किती वेळा जाईल याचा अंदाज बांधून, आणि तोच पास घरातले तिघं आलटून पालटून वापरायला लागले तर तो दर पार मोडून जाईल. जिमचंही तसंच, माझ्या कार्डावर माझा भाऊ गेला तर जिमवाल्याने अडवलंच पाहिजे, त्याने मला एका माणसाची जागा विकलीय. तिथे माणूस मोजून विकला, माणूस मोजा. रेशन कार्डाला चूल बघतात, तेही बरोबर, धान्य तिथे शिजतं. माझा मुद्दा हाच आहे की प्रत्येक ठिकाणी माप त्या वस्तूचं असतं. ओटीटीवाल्यांनी मात्र विकताना एक माप लावलं आणि देताना दुसरं. दुकानदाराने किलोने पैसे घेऊन मापट्याने माल दिला तर आपण काय म्हणतो?

प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२५ पासून भारतात पाच उपकरणांची मर्यादा ठेवली आणि त्यातले टीव्ही दोनच. यावर आमच्या ग्रुपवर खूप जण चिडले, मी मात्र त्या नियमाच्या विरोधात नाही. दोन टीव्ही म्हणजे दोन टीव्ही, ते कराडला असोत नाहीतर पुण्यात, मोजता येतं, समजतं, आईला फोनवर सांगता येतं. फक्त ज्याने वर्षाचे पैसे आधीच भरलेत त्याला असा नियम त्याच्या पुढच्या रिन्यूअलपासून लागायला हवा, मधूनच नको. घेताना जे सांगितलं ते वर्षभर पाळायचं, एवढं तर भाडेकरूसुद्धा घरमालकाकडून धरून चालतो.

खरा वांधा 'घर' या शब्दाचा आहे. या कंपन्यांची घराची व्याख्या म्हणजे एक पत्ता, एक वायफाय, आयपी ॲड्रेस आणि त्यावर दिसणारी उपकरणं. ज्या देशात मुलगा अठराव्या वर्षी वेगळा राहायला लागतो आणि आईबाप त्यांचं त्यांचं बघतात तिथे ही व्याख्या चालत असेल. आमच्याकडे माणसं पोटासाठी बाहेर पडतात, घर सोडत नाहीत. कोकणातला चाकरमानी तीस वर्षं लालबागला किंवा नालासोपाऱ्याला राहतो आणि घर कुठे विचारलं तर गावाचं नाव सांगतो. साताऱ्या-सांगलीची पोरं फौजेत आहेत, पत्ता दर तीन वर्षांनी बदलतो. मुलगा न्यू जर्सीला, आई-वडील सदाशिव पेठेत, आणि वडिलांच्या बीपीच्या गोळ्या मुलगा तिकडून ऑनलाइन मागवतो, ते एक घर नाही तर काय आहे?

आपला कायदासुद्धा हे मानतो. इन्कम टॅक्सला हिंदू अविभक्त कुटुंब चालतं, त्यातली माणसं एका छताखाली राहतात का हे कुणी विचारत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर लग्न झालेली मुलगीसुद्धा वडिलांच्या एकत्र कुटुंबात जन्मानेच हिस्सेदार आहे, मुलासारखीच. ही दुरुस्ती यायला किती वर्षं गेली, किती बायकांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, लग्न झालं म्हणजे पोरगी घरातून गेली हा समज मोडायला. माझी बहीण नाशिकला गेली म्हणून ती आमच्या घरातली राहिली नाही असं आज तिला कुठलं कोर्ट सांगणार नाही. टीव्हीवरची पाटी सांगते.

ज्या रेल्वेचं मी मघाशी कौतुक केलं तिचंच बघा. लोकलचा पास देता येत नाही, पण रिझर्व्हेशनचं तिकीट, गाडी सुटायच्या २४ तास आधी अर्ज केला तर, घरातल्या माणसाच्या नावावर करता येतं. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. नातं बघतात, एका पत्त्यावर राहता का ही अट त्यात नाही. आणि त्याहून अलीकडचं म्हणजे यूपीआय सर्कल. ऑगस्ट २०२४ मध्ये हे आलं, माझ्या खात्यातून आईला किंवा आणखी कुणा विश्वासाच्या माणसाला पैसे देता येतात, पाच जणांपर्यंत जोडता येतात, पूर्ण अधिकार दिला तर महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत ती माणसं मला न विचारता खर्च करू शकतात. मी आईला जोडलंय. ती कराडच्या मंडईत कोथिंबीर घेते आणि पैसे माझ्या पुण्याच्या खात्यातून जातात. खऱ्या पैशांच्या बाबतीत यंत्रणा सांगते की विश्वास कुणावर ठेवायचा ते तू ठरव, आम्ही फक्त रकमेची मर्यादा घालतो. म्हणजे परत तेच, मोजायची ती वस्तू मोजली, माणूस नाही. पैशांना जे चालतं ते मालिकेला का चालत नाही?

'मग आईसाठी वेगळं सबस्क्रिप्शन घे की' हे मला किमान पाच जणांनी ऐकवलंय. घेईन, परवडत नाही असं नाही. पण आईच्या नावाने खातं म्हणजे आईचा ईमेल, आईचा पासवर्ड, आईचं ऑटोपे, त्याचे मेसेज, बँकेत खटपट, दर वेळी प्लॅन बदलला की पुन्हा तेच. वय वर्षं एकाहत्तर. जी माणसं स्वतः खातं उघडून चालवू शकत नाहीत तीच या नियमात अडकतात, आणि ज्यांना पळवाटा माहीत आहेत ते तरुण पोरं आजही बिनधास्त चालवतायत. माझ्या टीममधल्या पंचविशीतल्या पोरांना विचारा, एकाचंही काही बंद पडलेलं नाही. नियम ज्यांच्यासाठी केला ते निसटले आणि माझी आई सापडली.

आणि चोर हा शब्द वापरतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने पासवर्ड शेअर करणं पायरसीच्या यादीत लिहून टाकलं होतं, बातम्या झाल्या, आणि लगेच त्यांनीच ते पानावरून काढलंही. आपल्या आयटी कायद्याचं कलम ६६सी दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने किंवा अप्रामाणिकपणे वापरण्याबद्दल आहे. मी पैसे भरून, मी स्वतः, माझ्या आईला दिलेला पासवर्ड, यात लबाडी कुठे बसवणार?

मात्र ज्याला मी चोरी म्हणतो तीही सांगतो, म्हणजे मी कुठे उभा आहे ते कळेल. टेलिग्रामवर आणि व्हॉट्सॲपवर स्क्रीन विकणारे आहेत, एक खातं घ्यायचं आणि त्याच्या चार स्क्रीन चार अनोळखी माणसांना महिन्याच्या भाड्याने द्यायच्या. हे बंद झालंच पाहिजे, तो दुसऱ्याच्या मालावर दुकान मांडतोय. लॉकडाऊनमध्ये पेपरच्या पीडीएफ हजारो लोकांच्या ग्रुपमध्ये फिरत होत्या, मे २०२० मध्ये दैनिक जागरणच्या तक्रारीवर दिल्ली हायकोर्टाने टेलिग्रामला तसे चॅनल काढायला लावले, तेही योग्यच झालं. जिन्यातल्या तीन घरांनी पेपर वाचणं आणि पंचवीस हजार लोकांना रोज सकाळी फुकट पाठवणं या एकच गोष्ट नाहीत, आणि यातला फरक समजायला कुणाला वायफाय तपासावं लागत नाही.

माझी एक मैत्रीण हार्मोनियम शिकवते. लॉकडाऊननंतर तिने रेकॉर्ड केलेला कोर्स काढला, दोन वर्षं खपून, रात्री शेजारचे झोपल्यावर रेकॉर्डिंग करत, पंखा बंद करून. काही महिन्यांनी तिला दिसलं की एकच लॉगिन चाळीसच्या वर उपकरणांवर चालतंय. एका विद्यार्थ्याने भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिलं होतं. ती रडकुंडीला आली होती. तिचं नुकसान खरं आहे, तिच्यामागे कुणी गुंतवणूकदार नाहीत, महिन्याचं भाडं त्यातून जातं. छोट्या मराठी माणसाचं काम असं वाटून खाणाऱ्याला मी माझ्या बाजूचा समजत नाही. तर तिने काय केलं? दोन उपकरणं, एका वेळी एकच चालेल, एवढी मर्यादा घातली आणि विद्यार्थ्यांना लिहिलं की घरात भावंडं शिकत असतील तर जरूर शिकू दे, आजोबांना ऐकवायचं असेल तर ऐकव. कुणाच्या घरी कोण आहे हे तिने विचारलं नाही. तिचा प्रश्न सुटला. एकटी बाई, साध्या सेटिंगवर हे करू शकते तर हजारो इंजिनियर पदरी असलेल्या कंपन्यांना का जमू नये, आणि जमतंच आहे की, एका वेळी किती स्क्रीन चालू आहेत हे त्यांना सेकंदासेकंदाला कळतं. त्यांच्याकडे आधीच एक चांगलं, न्याय्य माप होतं. त्यावर त्यांनी दुसरं चढवलं, कारण पहिल्या मापातून हवे तेवढे पैसे निघेनात.

आता सरकारने काय करायचं? किमती ठरवाव्यात असं मी म्हणत नाही. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराची व्याख्या आहे, ग्राहकाला तोट्यात घालणारी अवास्तव अट त्यात येते, आणि अशा कराराची तक्रार राज्य आयोगाकडे नेता येते. चार स्क्रीन विकून त्या एका पत्त्यावर बांधणं ही अट त्यात बसते की नाही हे एकदा कुणीतरी तपासून घ्यायला हवं. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ॲपवर किंवा साइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या, तेरा प्रकार सांगितले, एक दाखवून दुसरं देणं हा त्यातला एक. 'चार स्क्रीन' हे मोठ्या अक्षरात आणि 'एकाच घरात' हे अटींच्या पानावर, हे माझ्या मते त्याच जातीचं आहे. निदान किमतीच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरात, आणि मराठी ग्राहकाला मराठीत लिहिलेलं असावं.

आणि एक जुनं उदाहरण आहे जे आता कुणाला आठवत नाही. काही केबल आणि डीटीएचवाले घरातल्या दुसऱ्या टीव्हीला पहिल्याइतकेच नेटवर्कचे पैसे लावायचे. २०२० मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, सांगितलं की दुसऱ्या टीव्हीला पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नेटवर्क शुल्क घ्यायचं नाही. केबलचा धंदा काही त्यामुळे बुडाला नाही. तसंच इथे करता येईल, दुसऱ्या गावातलं घर जोडायचं आहे का, जोडा, त्याचे ठरलेले थोडे पैसे जास्त द्या, मी पहिल्या दिवशी भरेन. महिन्याला शंभर रुपये जास्त मागा, पण आईच्या टीव्हीवर कोड मागू नका.

पुढच्या महिन्यात आमचं रिन्यूअल आहे. बहिणीशी बोललो, ती म्हणाली माझ्यासाठी ठेवू नकोस, मुलांची परीक्षा आहे तशीही. आईला विचारलं तर तिचं एकच, त्या मालिकेचे अकरा भाग राहिलेत, तेवढे झाले की बंद कर. मोठा प्लॅन सोडून मी खालचा घेणार आहे, आणि कंपनीला कारण लिहून कळवणार आहे, त्या छोट्या चौकोनात मावेल तेवढं. ते अकरा भाग आईला दिवाळीत दाखवेन, तेव्हा मी पाच दिवस कराडला असेन आणि माझा मोबाईल घरच्या वायफायवर असेल.